वेगाच्या तक्त्यांवर विश्वास ठेवू नका: अलिबागहून निघालेल्या दहा फ्लॉप्यांची साक्ष

१/
इतिहासप्रेमींच्या गटांत एक तक्ता दर काही महिन्यांनी नव्या रंगात फिरत असतो. वर तारयंत्र, खाली टेलेक्स, मग मोडेम, मग ब्रॉडबँड, शेवटी फाइव्ह-जी. प्रत्येकापुढे एकच आकडा: 'बिट प्रतिसेकंद'. शेवटी निष्कर्ष, की आपण पूर्वजांपेक्षा अमुक कोटी पटींनी वेगवान झालो. मीही असा तक्ता एकदा मोठ्या उत्साहाने पुढे पाठवला होता. हा धागा त्या चुकीचे प्रायश्चित्त आहे.

२/
माझे म्हणणे स्पष्ट सांगतो. जुन्या तंत्रांचे वेग आजच्या एककात बदलण्यास माझा विरोध नाही. परंतु रूपांतर कसे केले, कोणता कालावधी धरला, काय वगळले आणि तो वेग कोणत्या गावच्या माणसाला मिळत होता, हे न सांगता दिलेला आकडा हा इतिहास नव्हे. ती जाहिरात आहे. पुरावा रायगडच्या किनाऱ्यावरूनच देतो.

३/
प्रथम तार. कसलेला तारमास्तर मिनिटाला वीस शब्द पाठवी असे धरू. शब्द सरासरी पाच अक्षरांचा आणि पुढे एक रिकामी जागा, म्हणजे सहा चिन्हे. आजच्या संगणकाप्रमाणे प्रत्येक चिन्हाला आठ बिट दिले, तर मिनिटाला ९६० बिट, म्हणजे सेकंदाला १६. तक्त्यात साधारणपणे असाच आकडा असतो. पण थांबा.

४/
टेलेक्सची संकेतप्रणाली एका चिन्हाला पाचच बिट वापरी. त्या मापाने हाच तारमास्तर सेकंदाला १० बिट पाठवतो. क्लॉड शॅनन यांनी १९५१ साली दाखवले, की सलग इंग्रजी मजकुरात एका अक्षरामागे खरी माहिती साधारण एक बिटच असते, कारण पुढचे अक्षर पुष्कळदा ओळखता येते. त्या मापाने उत्तर येते २. हात तोच, मजकूर तोच, आणि वेग १६, १० की २?

५/
तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. तक्ता करणारा प्रश्न लपवतो आणि उत्तर तेवढे मिरवतो. मोडी कागदाचे लिप्यंतर करताना 'मूळ शब्द असा, मी असा वाचला' हे नमूद करण्याची शिस्त आपण पाळतो. मग एककांच्या बाबतीत ही शिस्त का सुटते? एकक बदलणे हेही भाषांतरच आहे.

६/
अभिनंदनाच्या तारा आठवा. तार कार्यालयात ठरीव शुभेच्छांची यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. तारेवरून जाई तो फक्त क्रमांक. पलीकडे लग्नघरी पोहोचे ते पूर्ण वाक्य. आता या तारेचा वेग कसा मोजणार? तारेवरून गेलेल्या दोन अंकांवर, की घरात वाचल्या गेलेल्या आशीर्वादावर? आजच्या भाषेत हे संपीडन आहे. तक्त्यात त्याला जागाच नाही.

७/
दुसरा घोटाळा 'बॉड' या शब्दाचा. बॉड म्हणजे सेकंदाला तारेवरचा संकेत किती वेळा बदलतो ती संख्या. बिट म्हणजे त्यातून काय मिळाले ते. टेलेक्स ५० बॉडवर चाले. पण एका अक्षराच्या पाच बिटांसाठी आरंभ आणि विराम मिळून साडेसात मात्रा खर्च होत. म्हणजे उपयोगी वेग ५० नव्हे, सेकंदाला सुमारे ३३ बिट.

८/
मोडेममध्ये गणित उलटे. पुष्कळ लेखांत '९६०० बॉडचा मोडेम' असे छापलेले आढळते. प्रत्यक्षात त्या प्रमाणित मोडेमचा संकेत सेकंदाला २४०० वेळाच बदले. प्रत्येक बदलात चार बिट बसवलेले असत, म्हणून ९६०० बिट. टेलेक्समध्ये बॉड मोठा आणि बिट कमी, मोडेममध्ये बॉड लहान आणि बिट जास्त. दोन्ही एकाच रकान्यात लिहिणारा शेर आणि पायली एकाच तागडीत टाकतो.

९/
तिसरा घोटाळा घराघरांत होता आणि कोणाच्या लक्षातही येत नव्हता. साडेतीन इंची फ्लॉपीवर '१.४४ मेगाबाइट' असे लिहिलेले असे. तिच्यात २,८८० विभाग, प्रत्येकी ५१२ बाइट, एकूण १४,७४,५६० बाइट. मेगा म्हणजे दहा लाख धरले तर उत्तर १.४७. मेगा म्हणजे १०२४ गुणिले १०२४ धरले तर १.४१. मग १.४४ आले कोठून? १००० गुणिले १०२४ या मिश्र मापातून! त्यावर लिहिलेला आकडा दोन्हींपैकी कोणत्याच नियमाने बरोबर नव्हता.

१०/
आता हा हिशेब मराठीत आणू. 'अलिबाग' हा शब्द रोमन लिपीत सहा अक्षरे, सहा बाइट. भारतीय लिपींसाठी १९९१ साली प्रमाणित झालेल्या 'इस्की' संकेतात देवनागरी 'अलिबाग'ही सहा बाइटच. आज आंतरजालावर रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अ, ल, वेलांटी, ब, काना, ग: सहा त्रिक अठरा.

११/
म्हणजे सेकंदाला ९६० बाइट नेणाऱ्या वाहिनीवरून रोमन 'अलिबाग' १६० वेळा जाईल, देवनागरी 'अलिबाग' अवघा ५३ वेळा. मोबाईलच्या लघुसंदेशात हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावत आणि मराठी लिहायला लागताच मर्यादा ७० वर येई. वाहिनी तीच, पैसे तेच. 'वेग सर्वांना सारखाच होता' असे म्हणणाऱ्याने आधी लिपी विचारावी.

१२/
आता मुख्य साक्षीदार. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. दूरध्वनीवरून जोडणाऱ्या ग्राहकाला मिळणारा वेग तक्त्यांत '९.६ किलोबिट' असा नोंदतात. चला, या आकड्याची शर्यत त्याच काळातल्या आपल्या किनाऱ्यावरच्या वाहनाशी लावू. सामान: दहा फ्लॉप्यांचा एक डबा. मार्ग: अलिबाग ते मुंबई.

१३/
दहा फ्लॉप्या म्हणजे १,४७,४५,६०० बाइट, म्हणजेच ११,७९,६४,८०० बिट. अलिबागहून मांडव्याला, तेथून लाँचने मुंबईला, घरापासून दारापर्यंत तीन तास धरू: १०,८०० सेकंद. भागाकार करा. सेकंदाला १०,९२२ बिट! पिशवीत डबा घेऊन लाँचमध्ये बसलेला माणूस ९६०० च्या मोडेमपेक्षा वेगवान ठरला.

१४/
पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद. मग एस.टी.ने पेण-पनवेलवरून जावे लागे. चार तास धरू: १४,४०० सेकंद. उत्तर येते सेकंदाला बरोबर ८,१९२ बिट. तक्ता म्हणेल, 'मोडेम जिंकला, ९६०० मोठे.' पण साध्या मोडेमजोडणीत प्रत्येक आठ बिटांच्या आधी एक आरंभ-बिट आणि नंतर एक विराम-बिट जाई. म्हणजे आपल्या मजकुराच्या वाट्याला ९६०० पैकी ७,६८० बिटच येत. मोडेमला लागतील १५,३६० सेकंद: चार तास सोळा मिनिटे. एस.टी. सोळा मिनिटे आधी पोहोचली!

१५/
आता स्वतःच्याच हिशेबावर आक्षेप घेतो, कारण समोरच्याला लावलेला नियम स्वतःलाही लागू आहे. फ्लॉपीवर माहिती उतरवणे आणि पलीकडे वाचून घेणे यांचा वेळ मी धरलाच नाही. दोन्ही टोकांचे मिळून फ्लॉपीमागे तीन मिनिटे धरली, तर अर्धा तास वाढतो. एस.टी.चे साडेचार तास होतात आणि ती हरते. लाँचचे साडेतीन तास होतात आणि ती तरीही जिंकते. काय धरले आणि काय वगळले यावर विजेता बदलतो, हेच तर मला दाखवायचे आहे.

१६/
आणि या शर्यतीत मोडेमला मी एक सवलत फुकट दिली आहे. सुरुवातीची इंटरनेट केंद्रे मोठ्या शहरांत होती. अलिबागच्या माणसाने मुंबईचे केंद्र गाठायचे म्हणजे एस.टी.डी. लावायची. सव्वाचार तास मीटर फिरत राहणार, मधेच लाइन तुटली तर पुन्हा जोडणी करायची. '१९९५ : ९.६ किलोबिट' हे वाक्य मुंबईचे आहे. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनसाठी त्या साली खरे वाक्य वेगळे होते, आणि ते कोणत्याच तक्त्यात नाही. देशाच्या सरासरीत किनारा बुडून जातो.

१७/
'म्हणजे लाँच मोडेमपेक्षा चांगली?' नाही. इथे चौथा भेद येतो: किती माहिती जाते हे एक, आणि पहिली बातमी केव्हा पोहोचते हे दुसरे. डब्यातला पहिला बाइट तीन तासांनी पोहोचतो, तारेवरचे पहिले अक्षर तत्क्षणी. १६६० साली बाजीप्रभूंनी खिंड लढवली ती कशाच्या प्रतीक्षेत, असे परंपरा सांगते? विशाळगडावरच्या तोफांच्या. त्या आवाजात माहिती किती होती? 'महाराज पोहोचले': एक बिट. तक्त्यात या संदेशाचा वेग शून्याजवळ भरेल.

१८/
१८७० साली मुंबई ते एडन आणि पुढे सुएझ अशी समुद्राखालची तार जोडली गेली. 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने ती टाकली. तिचा बिटांचा वेग आजच्या मापाने हास्यास्पद आहे. पण आगबोटीने आठवडे घेणारी बातमी त्या तारेने काही तासांवर आणली आणि मुंबईचा कापूसबाजार बदलला. क्रांती वेळ आटल्याने झाली, बिट वाढल्याने नव्हे. केवळ बिट मोजणाऱ्या तक्त्याला ती दिसतच नाही.

१९/
हा भेद पुस्तकी नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. अनेक गावांत वीज गेली, मोबाईल सेवा कोलमडली. कागदावर ज्यांच्याकडे कोट्यवधी बिटांचा वेग होता, त्यांना 'आम्ही सुखरूप आहोत' हे तीन शब्द मुंबईतल्या नातेवाइकांपर्यंत पोचवता येईनात. त्या दिवशी सर्वांत उपयोगी वाहिनी कोणती होती? जी चालू होती ती. तक्ते नेहमी वाहिनीचा सर्वोत्तम दिवस नोंदतात, माणसाचा सर्वांत वाईट दिवस कधीच नाही.

२०/
आता अलिबागच्या त्या वास्तूकडे वळू, जिच्यामुळे हा वाद माझ्या दृष्टीने गंभीर आहे: चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले (त्या १९०७ मध्ये धावू लागल्या). ट्रामच्या विद्युतप्रवाहाने नाजूक उपकरणे बिघडली असती, म्हणून १९०४ साली काम अलिबागला हलवले. कुलाब्याची वेधशाळा अशी कुलाबा जिल्ह्यात आली. तोच जिल्हा १९८१ पासून रायगड.

२१/
त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावरील पहिले भारतीय. जागा बदलली की आकडे बदलतात, हे तेथील मंडळी जाणत होती. म्हणून मुंबईचे काम लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या, जेणेकरून जुना आकडा नव्या आकड्याशी कसा जोडायचा हे कायमचे ठरावे. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केले. रूपांतर करावे तर असे: दोन वर्षे राबून.

२२/
त्या जुन्या नोंदींतच एक रत्न होते. २ सप्टेंबर १८५९ रोजी, कॅरिंग्टन वादळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सौर वादळाच्या वेळी, कुलाब्याच्या वेधशाळेतील निरीक्षक डोळ्यांनी वाचन घेत होते. एरवी तासाला एक, खळबळ वाढल्यावर काही मिनिटांच्या अंतराने. तीन अंकी वाचन म्हणजे सुमारे दहा बिट. तासाला दहा बिट म्हणजे सेकंदाला ०.००२८ बिट. आपल्या तक्त्यात ही वाहिनी तारमास्तराच्याही हजारो पायऱ्या खाली बसेल.

२३/
आणि याच वाहिनीने जगाला त्या वादळाची भरवशाची मोजदाद दिली. अमेरिकेत तारमास्तर बॅटरी काढून केवळ आकाशातून आलेल्या प्रवाहावर तारा पाठवत होते, तेव्हा मुंबईत कोणीतरी शांतपणे आकडे वहीत उतरवत होते. २००३ साली भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी, ज्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना हेही होते, त्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या. क्षितिजसमांतर चुंबकीय बलात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण झाल्याचे त्यांनी मांडले.

२४/
इथेच तक्तेबाजी धोकादायक ठरते. १९८९ च्या मार्चमधील ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत अंधारात गेला, त्याचा निर्देशांक उणे ५८९. लगेच मथळा तयार होतो: '१८५९ चे वादळ जवळजवळ तिप्पट!' पण १,६०० हे एका ठिकाणचे, एका क्षणाचे वाचन आहे आणि ५८९ ही चार वेधशाळांवरून काढलेली तासाची सरासरी. २००६ साली कुलाब्याच्या नोंदींची तासाची सरासरी काढली गेली, तेव्हा उत्तर आले सुमारे ८५०. तिप्पट नव्हे, दीडपटीच्याही आत. तीही एकाच ठिकाणची.

२५/
वादळ तेच, वही तीच. 'दर क्षणी' की 'दर तासाला' एवढ्याच प्रश्नाने तुलना निम्मी झाली. आणि वीजवाहिन्या व उपग्रह किती मोठ्या धक्क्यासाठी सज्ज ठेवायचे, हे अशाच तुलनांवर ठरते. वेगाच्या आकड्यातही नेमका हाच 'दर' असतो: दर सेकंदाला, दर मिनिटाला, दर फेरीला. तो 'दर' खोडला की उरते ती फुशारकी.

२६/
आक्षेप येईल: 'सामान्य वाचकाला इतका काथ्याकूट नको. एक सोपा आकडा द्या, गोडी लागेल, मग खोलात जाईल.' मी उलट विचारतो: अलिबागची लाँच मोडेमला हरवते हे वाचून गोडी कमी झाली की वाढली? सोपेपणा आणि खोटेपणा एक नव्हेत. 'आपण लाखो पट पुढे' हे वाक्य प्रश्न संपवते. 'कोणाच्या मापाने?' हे वाक्य प्रश्न सुरू करते. तरुण वाचकाला यातले दुसरे देणे हे आपले काम.

२७/
म्हणून यापुढे जुन्या तंत्राचा वेग लिहिताना मी चार गोष्टी पाळणार आहे, आणि तुम्हीही पाळाव्यात असा आग्रह धरतो.
एक: मूळ एकक आधी लिहावे (मिनिटाला शब्द, बॉड, फेरीला फ्लॉप्या), रूपांतर नंतर.
दोन: रूपांतराचे गृहीतक सांगावे, म्हणजे चिन्हाला किती बिट, मेगा म्हणजे किती, लिपी कोणती.
तीन: किती माहिती गेली आणि पहिली बातमी केव्हा पोहोचली, हे दोन आकडे वेगळे द्यावेत.
चार: तो वेग कोणत्या गावी आणि कोणाला मिळत होता, ते लिहावे.

२८/
भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. फ्लॉप्या रद्दीत गेल्या, मोडेम भंगारात. त्यांच्याविषयी आता फक्त आकडे उरत आहेत, आणि तेच आकडे आपण चुकीचे लिहिले तर दुरुस्त करायला यंत्र शिल्लक नसेल. कुलाब्याच्या त्या निरीक्षकाने वाचनासोबत वेळही लिहिली, म्हणून दीडशे वर्षांनी त्याच्या आकड्याचा फेरतपास करता आला. तुमच्या घरी जुन्या फ्लॉप्यांचा डबा, तारेचा कागद किंवा मोडेमचे बिल असेल, तर खाली उत्तरात लिहा: काय, कोठून कोठे, आणि किती वेळात. बिटांचा हिशेब आपण मिळून करू.